संध्याकाळची बैठक आणि मनुष्याचे मज्जातंतु

गाय पान्हा चोरते, हें कोणत्याही शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. नेहमींच्या बाईऐवजीं परका माणूस धारेस बसला, गोठ्यांत कुत्रें शिरलें, किंवा शेजारीं लग्नाचे फटाके वाजले, कीं कांस भरलेली असूनही चरवी रिकामी राहते. मग वासरूं सोडावें, गायीच्या मानेवरून हात फिरवावा, तिच्याशीं चार शब्द बोलावे, म्हणजे थोड्या वेळानें पान्हा येतो. आपल्या आजेपणज्यांस हें ठाऊक होतें. त्याचें कारण मात्र विसाव्या शतकांत उमगलें. १९४१ सालीं ईली व पीटर्सन या दोन अमेरिकन संशोधकांनीं धारेच्या वेळीं गायींस मुद्दाम भेवडावून पाहिलें. कागदी पिशव्या फुगवून जवळ फोडल्या, गायीच्या पाठीवर मांजर देखील ठेविलें. दूध अडलें. कांसेंत दूध असलें तरी तें आंचळांत उतरावयास मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत यावा लागतो. आणि भीतीच्या वेळीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनलीन नांवाचा दुसरा रस सुटतो, तो या कामास आडवा येतो.

प्रस्तुत लेख गायीवर नाहीं, गायीच्या धन्यावर आहे. हे दोन्ही रस मनुष्याच्या शरीरांतही आहेत. भ्यालेला, एकटा पडलेला मनुष्यही पान्हा चोरतो. तो झोंप चोरतो, भूक चोरतो, घरांतील माणसांशीं बोलणें चोरतो. भातावरील करपा व गुरांची खुरकत यांवर लेख वाचण्याची संवय असलेल्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु ज्याच्या भरंवशावर शेत आणि गुरें आहेत, त्या माणसाची रात्र कशी जाते, हा प्रश्न शेतकीच्या बाहेरचा आहे असें मला वाटत नाहीं.

हृदय, फुप्फुसें, जठर व आंतडीं हीं आपल्या हुकमाशिवाय चालतात. त्यांचा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन फळ्या आहेत. शास्त्रीय पुस्तकांत एकीस अनुकंपी व दुसरीस परानुकंपी म्हणतात; आपण त्यांस बैलाचे दोन कासरे समजूं. पहिला कासरा ओढला गेला, कीं हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडें पडतें, पचन थांबतें, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धांवतें. बांधावर फुरसें दिसलें असतां हें सर्व हवेंच; त्यावांचून मनुष्य वांचला नसता. अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या ग्रंथांत याचें सविस्तर वर्णन केलें, आणि लढावें किंवा पळावें यासाठीं शरीराची ही तयारी आहे असें दाखविलें. दुसऱ्या कासऱ्याचा मुख्य दोर म्हणजे व्हेगस नांवाचा मज्जातंतु. तो मेंदूच्या बुडाशीं निघतो, मानेंतून उतरतो आणि हृदय, फुप्फुसें व पोट येथवर पोहोंचतो. त्याचें काम सैल करण्याचें आहे.

तो हें कसें करितो, याचा शोध ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकाच्या हृदयावर लाविला. एका बेडकाचें हृदय द्रवांत ठेवून त्याचा व्हेगस चेतविला, तों त्याचे ठोके मंद झाले. मग तोच द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तों त्याचेही ठोके मंद झाले! म्हणजे मज्जातंतूच्या टोकाशीं कांहीं पदार्थ सुटत होता. ही युक्ति आपणांस झोंपेंत सुचली, असें लोवी सांगत असत. १९३६ सालीं त्यांस हेन्री डेल यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. वाचकांस या कासऱ्याची प्रचीति बेडकावांचूनही घेतां येईल. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. घेतांना ठोके किंचित् जलद पडतात, सोडतांना मंद होतात. लांब श्वास सोडणाराचा जीव थंड होतो, तो यामुळेंच.

आतां अडचण अशी कीं, फुरसें निघून जातें आणि घटकाभरानें ठोके ठिकाणावर येतात; पण बँकेचा हप्ता, भाऊबंदांतील दावा, अवकाळी पाऊस किंवा भूसंपादनाची नोटीस हीं निघून जात नाहींत. पहिला कासरा महिनोन्महिने ताणलेलाच राहतो. शरीरांत कॉर्टिसोल नांवाचा आणखी एक रस आहे. तो निरोगी मनुष्याच्या रक्तांत पहांटेपासून चढतो, उठण्याच्या सुमारास सर्वांत अधिक असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होतो. दीर्घ काळजीनें या चढउताराची घडी विस्कटते. रात्रीं थकवा असून डोळा लागत नाहीं, आणि सकाळीं अंग उठत नाहीं.

"काळजी करूं नकोस" असें सांगून दुसरा कासरा ओढला जात नाहीं. तो आपल्या हुकमांतला नाहींच. मात्र ओळखीच्या माणसाचा आवाज, हाताचा स्पर्श, नुसतें जवळ बसणें, यांनीं तो आपोआप ओढला जातो. २००६ सालीं जेम्स कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. मेंदूचें चित्र काढणाऱ्या यंत्रांत त्यांस निजवून, पायाच्या घोट्यास विजेचा लहानसा झटका बसेल अशी धास्ती घातली. एकटी असतां मेंदूंतील भयसूचक भागांची खळबळ अधिक. परक्या माणसाचा हात हातीं असतां कांहीं कमी. नवऱ्याचा हात असतां बरीच कमी. आणि ज्यांचें नवऱ्याशीं अधिक चांगलें पटत होतें, त्यांस लाभही अधिक झाला. ही शेवटची गोष्ट वाचून आमच्या घरांतून जो शेरा मिळाला, तो येथें छापण्याजोगा नाहीं.

गोठ्यांतही हेंच दिसतें. एक गाय दुसरीची मान चाटूं लागली, म्हणजे चाटून घेणारी डोळे अर्धे मिटून उभी राहते. तिच्या हृदयाचे ठोके मोजले असतां ते मंद झालेले आढळले आहेत. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथें २०१३ सालीं एकत्र गाणाऱ्यांचे ठोके मोजले, तेव्हां गाण्याच्या ओळींबरोबर सर्वांचा श्वास एक होत असल्यामुळें ठोक्यांचा चढउतारही जुळत असल्याचें दिसलें. इटलींतील बर्नार्डी यांनीं २००१ सालीं जपमाळेची प्रार्थना व मंत्रजप यांची परीक्षा केली. दोहोंतही श्वास मिनिटास सुमारें सहापर्यंत उतरतो आणि तो हृदयाच्या ठेवणीस मानवतो. आमच्याकडे सायंकाळीं हरिपाठास बसणाऱ्या मंडळींनीं तो ठोके मोजून घेण्यासाठीं आरंभिला नव्हता, हें खरें. पण लाभ कोणी चुकवूं शकत नाहीं.

येथपर्यंत कासऱ्याचें झालें. आतां घड्याळाचें.

मेंदूंत डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या वर तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक पेशींचा पुंजका आहे. तो शरीराचें मुख्य घड्याळ होय. पेशीच्या आंत हें घड्याळ कसें चालतें, हें फळांवरील चिलटांवर शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांस २०१७ चें नोबेल मिळालें. गंमत अशी कीं, मनुष्याचें घड्याळ बरोबर २४ तासांचें नाहीं. हार्वर्ड येथें १९९९ सालीं केलेल्या मोजणींत तें सरासरी २४ तास ११ मिनिटांचें भरलें. रोज तें मागें पडतें आणि रोज त्यास किल्ली द्यावी लागते. मुख्य किल्ली सकाळच्या उजेडाची. परंतु जेवणाची वेळ, कामास निघण्याची वेळ, ठराविक माणसें भेटण्याची वेळ, याही किल्ल्याच आहेत. १९८८ सालीं एहलर्स, फ्रँक व कुप्फर यांनीं असा विचार मांडला कीं, जवळचें माणूस जाणें किंवा नोकरी सुटणें या आघातानें केवळ दुःख होतें असें नव्हे, तर या सामाजिक किल्ल्याच हरवतात, दिवसाची लय मोडते, आणि त्यांतून कांहीं जणांचें मन आजारी पडतें. पुढें फ्रँक यांनीं दिनक्रम पुन्हां बसविण्याची एक उपचारपद्धति याच पायावर उभारिली.

सूर्य आणि माणसें दोन्ही काढून घेतलीं तर काय होतें, हें मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञानें १९६२ सालीं स्वतःवरच पाहिलें. घड्याळ न घेतां तो जुलैच्या मध्यास एका थंड गुहेंत उतरला. १४ सप्टेंबरास वरचे लोक मुदत संपली म्हणून सांगावयास आले, तेव्हां त्याच्या हिशेबानें २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस त्याच्या वहींतून गळाले होते.

आमच्या गांवाच्या माथ्यावर कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. खालचें जंगल १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून प्रसिद्ध आहे, पण सुळक्याच्या कड्यावर मधमाश्यांचीं पोळीं असतात आणि तेथें गलबला करणारांस त्यांचा प्रसाद मिळतो. माशीचें उदाहरण येथें फार उपयोगाचें आहे. फुलांवर जाणारी माशी दिवस व रात्र कडक पाळते. पोळ्यांतील अंधारांत पिलांस भरविणारी तरुण माशी आठही प्रहर राबते. मग अंधारांत वाढलेल्या माशीस बाहेरच्या दिवसाची वेळ कशी कळते? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील गाय ब्लॉक व सहकारी यांनीं पाळीव युरोपीय माश्यांवर प्रयोग करून २०१६ सालीं दाखविलें कीं, तरुण माश्या आपलें घड्याळ वसाहतींतील बहिणींवरून लावितात. उजेडाची वेळ एक सांगत असेल आणि वसाहतीची वेळ दुसरी, तर त्या वसाहतीचें ऐकतात. मनुष्यांत उजेडाचा जोर याहून मोठा आहे, तेव्हां माशीचा कायदा आपणांस जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. तथापि सोबत ही देखील वेळ सांगते, एवढें त्यावरून पक्कें होतें.

हें सर्व शोधण्याच्या भानगडींत मी पडलों, त्याचें कारण सांगतों. मीं महसूल खात्यांत तेहतीस वर्षें कारकुनी केली. पहांटे साडेपांचास उठणें, पनवेलची गाडी, दिवसभर फेरफार व टिपणें, दुपारीं चौघांत डबा सोडणें, परततांना तेंच बांकडें व तींच तोंडें. हें सर्व ओझें आहे, अशी माझी ठाम समजूत होती. अठ्ठावन्न वर्षें पुरीं होऊन गतवर्षीं घरीं आलों. पहिला पंधरवडा आनंदाचा गेला. मग उठावयास आठ वाजूं लागले, जेवावयास दोन. दुपारची निद्रा चारपर्यंत, रात्रीं बारापर्यंत हातांत मोबाईल, आणि तीन वाजतां टक्क जाग. छातींत धडधड होई. सून घाबरली, मुलानें पनवेलास डॉक्टरांकडे नेलें. रक्त झालें, हृदयाचा आलेख झाला; दोष कांहीं निघेना. डॉक्टर तरुण होते. माझा दिवसाचा क्रम विचारून घेतला आणि म्हणाले, "काका, तुम्हांला गोळी नको, हजेरीपुस्तक पाहिजे." मला तेव्हां राग आला.

त्याच सुमारास शेजारचे वृद्ध नाना एका संध्याकाळीं कुंपणावरून ओरडले, "अरे, एकटा काय बसतोस तिकडं? ये, वाल सोलायचेत." भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर व दंवावर आमच्याकडे वाल पिकतो, त्याच्या शेंगा सोलणें हें बसून करावयाचें काम. नानांच्या पडवींत चारपांच माणसें रोज दिवेलागणीस जमतात. कोणी दोर वळतो, कोणी नुसताच बसतो. बोलणें पैसेवारीचें, वासराचें, तांदळाच्या भावाचें. मध्येंच कोणी पांच पांच मिनिटें कांहींच बोलत नाहीं, आणि त्याचें कोणास अवघड वाटत नाहीं. साडेआठास नाना उठतात, म्हणजे सभा बरखास्त. पहिल्या महिन्यांत विशेष फरक पडला नाहीं. दुसऱ्या महिन्यापासून रात्रीं दहास डोळे जड होऊं लागले, आणि तीनची जाग आठवड्यांतून एखाद्या वेळेवर आली. सकाळीं उठून शेतावर एक फेरी मारण्याचा नेमही मीं त्याच सुमारास धरला होता. तेव्हां सारें श्रेय पडवीस देणें हें माझ्यासारख्या हिशेबी माणसास शोभणार नाहीं. उजेडाचा वांटा त्यांत मोठा असला पाहिजे.

परंतु अशा पडव्या आतां किती उरल्या, हा खरा प्रश्न आहे. पूर्वीं लावणी सावडीनें होई; आज तुझें खाचर, उद्यां माझें. पंधरावीस माणसें एका ओळींत वांकून रोपें लावीत, एका वेळीं भाकरी सोडीत आणि एका वेळीं थकून निजत. हल्लीं मजुरीचा ठराव होतो, किंवा खाचरच राहत नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि नव्या मुंबईसाठीं या बाजूच्या व ठाण्याच्या अशा ९५ गांवांच्या जमिनी नियोजनांत आल्या. जानेवारी १९८४ मध्यें जासई व दास्तान फाट्याच्या आंदोलनांत पांच शेतकरी गोळीबारास बळी पडले, तें रक्त जमिनीच्या भावासाठीं सांडलें. पुढें विमानतळासाठीं दहा गांवें उठलीं. तेथून डिसेंबर २०२५ पासून विमानें उडूं लागलीं आहेत. विकासास माझा विरोध नाहीं, आणि मोबदला मिळून कित्येकांचें घर सावरलें हेंही मीं पाहिलें आहे. पण नोंदी करणाऱ्यांपैकीं एक या नात्यानें सांगतों कीं, झाडें, विहीर, घर, सर्वांचें मूल्यांकन होतें. आळींतील दहा घरें दहा ठिकाणीं विखुरलीं, तर त्यास रकाना नाहीं. मजल्यावरच्या खोलींत गेलेला एक वृद्ध शेतकरी मला बाजारांत भेटे. पैसा होता, मुलें चांगलीं होतीं. "दिवस कुठून सुरू करायचा तेंच कळत नाहीं," एवढेंच तो म्हणे. त्या वेळीं मला तें कृतघ्नपणाचें वाटलें होतें. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली.

बायकांविषयीं आपण पुरुष विशेष लिहीत नाहीं, म्हणून येथें लिहितों. त्यांची बैठक विहिरीवर व नदीच्या दगडांवर असे. घरोघर नळ आला तें उत्तमच झालें. डोईवरची कळशी गेली, तिची आठवण काढून रडणारा पुरुष स्वतः ती वाहत नव्हता. पण कळशीबरोबर ती अर्ध्या तासाची बैठकही गेली, आणि तिच्या जागीं दुसरी आली नाहीं. पुरुष दिवेलागणीस पडवींत जातो, तेव्हां ती चुलीपुढें असते. आमच्या आळींत कांहीं जणींनीं दुपारीं तीनची वेळ ठरविली आहे. त्या वेळेस हांक मारून चहा मागूं नये, एवढा नियम घरांतील पुरुषांनीं पाळला तरी पुष्कळ झालें.

कोणतीही सोबत औषध होते, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. बांधाच्या वीतभर जमिनीसाठीं तीन पिढ्या भांडणारीं घरें मीं कागदोपत्रीं पाहिलीं आहेत. तीं माणसें एकटीं नव्हतीं, रोज एकमेकांचीं तोंडें पाहत होतीं. अमेरिकेंतील किकोल्ट-ग्लेसर यांनीं २००५ सालीं पतिपत्नींच्या हातावर बारीक जखमा करून पाहिलें, तों परस्परांशीं तेढीनें वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा अधिक सावकाश भरून आल्या. दारूच्या गुत्त्यावरील संगतीचेंही तेंच. दारूनें डोळा लागतो, पण झोंप मध्येंच तुटते. आणि ज्यास मुळांतच एकांत आवडतो, त्यास ओढून चौघांत बसविणें हा जुलूम होय. त्यास एक जिवाभावाचें माणूस पुरतें.

ही केवळ म्हाताऱ्यांची हौस नव्हे, हें आंकड्यांवरूनही कळेल. जुलियन होल्ट-लंस्टॅड व सहकारी यांनीं २०१० सालीं १४८ संशोधनांतील ३,०८,८४९ माणसांची माहिती एकत्र केली. ज्यांचे लागेबांधे बळकट, त्यांची त्या काळांत जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षां सुमारें दीडपट आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणें जगांत सहांतील एका माणसास एकटेपणा ग्रासतो. आपल्या महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत 'विश्राम' नांवाचा कार्यक्रम झाला, तोही ध्यानांत घेण्याजोगा आहे. तेथें गांवांतीलच माणसांस शिकवून, उदासीन झालेल्यांच्या घरीं जाऊन बोलण्याचें काम त्यांस दिलें. मानसिक उदासीनता जडलेल्यांपैकीं कोणाची तरी मदत घेणारांचें प्रमाण आरंभीं शेंकडा ४.३ होतें, तें दीड वर्षांत २७.२ झालें. डॉक्टर तालुक्यास असतो. ओळखीचा आवाज दारांत येतो, आणि त्या आवाजाचा हात धरून मनुष्य डॉक्टरापर्यंत जातो.

ज्यास दोन आठवडे झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, किंवा जीव नकोसा झाल्याचें तो बोलतो, त्याच्याजवळ बसावें, त्यास एकटें सोडूं नये, आणि त्यास डॉक्टरास दाखवावें. नुसत्या पडवीवर विसंबूं नये. भारत सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं बेरात्रीं देखील विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक घरांतील पंचांगावर लिहून ठेवावा, मोबाईलमध्यें असला तरी.

आमच्या बैठकीचे नियम कोणास हवे असल्यास थोडकेच आहेत. वेळ ठरलेली, पाऊस असो वा नसो, जागाही तीच. हातास कांहीं काम असावें. मोबाईल कोनाड्यांत ठेवावा, तो उजेडही बाधतो आणि बोलणेंही तोडतो. कोर्टांतील दाव्याचा विषय काढूं नये. एखादा दोन दिवस आला नाहीं, तर तिसऱ्या दिवशीं कोणी तरी त्याच्या दारांत जावें. गेल्या श्रावणांत मला ताप आला होता. तिसऱ्या दिवशीं नाना काठी टेकीत आले, खाटेशीं बसले, आणि वालाचें बियाणें यंदां कोणाकडून घ्यावयाचें याच्या गोष्टी करून गेले.